छोट्या खासगी कॉलेजात आर्किटेक्चर: प्रवेश घेण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक छोटं खासगी कॉलेज, फक्त आर्किटेक्चर शिकवणारं, वर्षाला तीसच मुलं घेणारं. दुसरं मोठं विद्यापीठ, जिथे आर्किटेक्चर हा अनेक विभागांपैकी एक. छोट्या कॉलेजची फी दुपटीहून जास्त. घरचे म्हणतात, एवढ्या अर्जांतून निवड झाली म्हणजे कॉलेज चांगलंच असणार. आणि अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय की आपल्याला आर्किटेक्चरच करायचंय याची अजून पुरती खात्री नाही. माझ्या मते हे शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यावर बोलूच, पण आधी बाकीचं.

मी आर्किटेक्ट आहे, स्वतःचं ऑफिस चालवते आणि अनेक वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत ज्युरीवर, म्हणजे मुलांनी मांडलेली कामं बघून त्यांवर सगळ्यांसमोर चर्चा करणाऱ्या परीक्षकांत, जाते. माझ्या ऑफिसात दोन्ही प्रकारच्या ठिकाणांहून आलेली मुलं आहेत, आणि दोन्हीकडची उत्तम मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे ‘छोटं चांगलं की मोठं’ असं विचारलंत तर मला सरळ उत्तर देता येणार नाही. विचारायचं ते हे: पुढची पाच वर्षं तुमचं काम कोण बघणार, किती वेळ बघणार आणि किती वेगवेगळ्या नजरांनी बघणार?

असं का म्हणते ते सांगते. आर्किटेक्चरचं शिक्षण मुख्यतः वर्गात बसून ऐकण्याचं नाही, ते स्टुडिओत होतं. तुम्ही प्लॅन काढता, शिक्षक तुमच्या टेबलाशी येऊन बसतात, प्लॅनवर ट्रेसिंग पेपर ठेवतात आणि पेन्सिलने त्यावर विचार करायला लागतात. जिना इथे का? हा माणूस दारातून आत आला की त्याला पहिल्यांदा काय दिसतं? सेक्शन (इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारं ड्रॉइंग) कुठाय? या बोलण्यातून डिझाइन शिकलं जातं, आणि ते एका वेळी एकाच मुलाशी होऊ शकतं. म्हणून आकडेमोड करून बघा. चार तासांचा स्टुडिओ आणि एका शिक्षकाकडे पंधरा मुलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा मिनिटं. तीस मुलं असतील तर आठ. आठ मिनिटांत शिक्षक तुमची चूक दाखवू शकतात, पण ती का झाली याचा माग तुमच्यासोबत काढू शकत नाहीत. आणि शिकायचं तर तेच असतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. छोटं कॉलेज म्हणजे छोटा स्टुडिओ असं नसतं. तीस मुलांचा आख्खा वर्ग एकाच शिक्षकाच्या हवाली करणारी छोटी कॉलेजं आहेत, आणि वर्षाला दीडशे मुलं घेऊनही बारा-बारांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळा शिक्षक देणारी विद्यापीठं आहेत. माहितीपत्रकात विद्यार्थी आणि शिक्षक यांचं जे प्रमाण छापलेलं असतं, त्यात इतिहास शिकवणारे, स्ट्रक्चर्स (इमारतीचा भार पेलणारी रचना) शिकवणारे आणि कधीकधी फक्त ज्युरीला येणारेही मोजलेले असतात. तुम्ही विचारायचं ते इतकंच: दुसऱ्या वर्षाच्या डिझाइन स्टुडिओत एका शिक्षकाकडे किती मुलं असतात, आणि ते शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात?

आता निवडीबद्दल. ‘शंभरातून पाच जणांना घेतात’ यातून अर्ज किती आले आणि जागा किती होत्या एवढंच कळतं. त्यातून शिकवणं कसं आहे ते कळत नाही. निवड किती कडक आहे यापेक्षा ती कशावरून होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कची कूपर युनियन ही पीटर कूपर यांनी १८५९ मध्ये स्थापन केलेली संस्था आहे, आणि तिथलं आर्किटेक्चरचं कॉलेज जगातल्या छोट्या, निवडक कॉलेजांचं एक ठळक उदाहरण मानलं जातं. तिथे अर्ज करणाऱ्यांना काही मोकळी, अनेक अर्थ लागतील अशी कामं घरी करायला देतात आणि त्यासाठी काही आठवडे देतात. अशा परीक्षेत गुण मिळवणाऱ्यांपेक्षा प्रश्नाशी झटणारी मुलं पुढे येतात. तीन तासांच्या लेखी परीक्षेत वेगळी मुलं येतात, मुलाखतीतून आणखी वेगळी. एरवी हा फरक किरकोळ वाटेल, पण ही मुलं तुमचे वर्गसोबती होणार आहेत, आणि स्टुडिओत रात्री आठनंतर शिक्षक नसतात, वर्गसोबतीच असतात. मला स्वतःला कॉलेजात जे आलं, त्यातलं निम्मं शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघून आलं. म्हणून तुमची निवड कशी झाली ते आठवा. फक्त गुणांवर झाली असेल, तर तुमच्या वर्गात फक्त गुण मिळवणारी मुलं असतील.

सगळ्यात सविस्तर मला ज्यावर बोलायचंय ते हे. छोट्या कॉलेजवर एका माणसाची छाप पडते. जॉन हेजडक १९७५ पासून २००० पर्यंत कूपर युनियनच्या आर्किटेक्चर स्कूलचे डीन होते. पंचवीस वर्षं. नऊ चौरसांच्या ग्रिडवर भिंती, खांब, तुळया मांडत मांडत जागेचा विचार शिकवणारा त्यांचा अभ्यास पुढे जगभरच्या कॉलेजांत पोचला. तो मूळचा १९५० च्या दशकात टेक्सासमध्ये शिकवताना तयार झालेला. हेजडक यांच्या काळात तिथे शिकणारा प्रत्येक जण त्यांच्या नजरेखालून गेला. डॅनिएल लिबेस्किंड, एलिझाबेथ डिलर, शिगेरू बान हे आज जगभर नाव असलेले आर्किटेक्ट तिथलीच मुलं, आणि तिघांची कामं एकमेकांसारखी मुळीच नाहीत. म्हणजे एका माणसाची जबर छाप असूनही मुलं स्वतःची राहू शकतात. पण त्यासाठी तो माणूस तसा असावा लागतो: पद्धत पक्की ठेवणारा, उत्तरं मोकळी सोडणारा. असे थोडे असतात.

माझ्या ऑफिसात नोकरीसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे मुलांच्या निवडक कामांचे संग्रह, येतात. काही कॉलेजांचा पोर्टफोलिओ उघडला की मला आधी शिक्षक दिसतो आणि मूल दिसायला बरीच पानं उलटावी लागतात. तीच एका कोनात काढलेली ॲक्सोनोमेट्रिक (इमारत वरून तिरकी दाखवणारं ड्रॉइंग), तेच पांढरं मॉडेल, तेच धूसर काळे-करडे रंग, ‘उंबरठा’ आणि ‘स्मृती’ यांवरचे तेच परिच्छेद. कौशल्य असतं, मेहनत तर प्रचंड असते. पण मुलाखतीत विचारलं की हे असं का केलंस, तर उत्तरात ‘सरांनी सांगितलं’ हे शब्द येतात. मोठ्या विद्यापीठात एका शिक्षकाचं आणि तुमचं नाही जमलं तर पुढच्या सत्रात दुसरा मिळतो. छोट्या ठिकाणी तोच माणूस दुसऱ्या वर्षाला, चौथ्या वर्षाला आणि थिसिसच्या ज्युरीवरही असतो.

यावर उपाय असतो, आणि चांगली छोटी कॉलेजं तो करतात. लंडनची आर्किटेक्चरल असोसिएशन १८४७ साली सुरू झाली. ऑफिसात उमेदवारी करणाऱ्या तरुणांनी, आपल्याला नीट शिक्षण मिळत नाही म्हणून, ती स्वतः उभी केली. १९७१ मध्ये आल्विन बॉयार्स्की तिथे प्रमुख झाले आणि तिथली युनिट पद्धत त्यांनी भरभराटीला आणली. प्रत्येक शिक्षक वर्षाच्या सुरुवातीला आपला विषय आणि आपली भूमिका मांडतो, मुलं त्यातून युनिट निवडतात आणि वर्षभर त्याच्यासोबत काम करतात. शेजारच्या दोन युनिटांच्या भूमिका पूर्ण विरुद्ध असू शकतात. संस्था छोटीच, पण आत वाद चालू. पुढे जगप्रसिद्ध आर्किटेक्ट झालेल्या झाहा हदीद याच वातावरणात शिकून १९७७ मध्ये बाहेर पडल्या. तुमच्या कॉलेजात युनिट पद्धतच असली पाहिजे असं नाही. पण दरवर्षी शिक्षक बदलतात का, बाहेरचे ज्युरर येतात का, आणि ते येतात तेव्हा आतल्या शिक्षकांशी जाहीरपणे असहमत होतात का, हे बघा.

हे कळायला एकच खात्रीचा मार्ग आहे: ज्युरीला जाऊन बसा. बहुतेक छोटी कॉलेजं प्रवेश मिळालेल्या मुलाला बसू देतात, नीट विचारावं लागतं. तिथे कोण हुशार आहे हे शोधत बसू नका, ज्युरर कशाबद्दल बोलतात ते ऐका. बोलणं ड्रॉइंगबद्दल आहे का? सेक्शनवर बोट ठेवून उजेड कुठून येतो, पाणी कुठे जातं, या कोपऱ्यात दोन माणसं समोरासमोर आली तर काय होईल, असं बोलतात का? की ‘मला हे भावत नाही’ यापुढे बोलणं जात नाही? मुलाला उत्तर द्यायला वेळ मिळतो का? सगळ्यात कमकुवत काम समोर येतं तेव्हा काय होतं, ते मी मुद्दाम बघायला सांगते. चांगल्या कामावर चांगलं बोलणं सोपं आहे. कच्च्या कामातली एक खरी कल्पना शोधून ती मुलाच्या हातात परत देणारा ज्युरर जिथे आहे, तिथे शिक्षण चालू आहे. मुलाला सगळ्यांसमोर रडवणं म्हणजे कडक शिस्त, असं मानणारी ठिकाणं अजून आहेत. त्यांच्यापासून लांब राहा, नाव कितीही मोठं असो.

ज्युरी नसेल तेव्हा गेलात तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांची कामं मागा, आणि वर्गातल्या मधल्या मुलांची मागा. वार्षिक प्रदर्शनात लावतात ती निवडक कामं असतात, त्यातल्या दोघा-तिघांनी कुठेही चांगलंच केलं असतं. कॉलेज काय शिकवतं ते मधल्या मुलाच्या शीटवर दिसतं. शेजारी त्याच मुलाचं पहिल्या वर्षाचं काम ठेवता आलं तर फारच उत्तम.

छोट्या कॉलेजात काय नसतं, तेही स्पष्ट सांगते. शेजारी सिव्हिल इंजिनिअरिंगचा विभाग नसतो, समाजशास्त्राचा नसतो, भूगोलाचा नसतो. ग्रंथालय छोटं असू शकतं. स्ट्रक्चर्स आणि सर्व्हिसेस (इमारतीतली पाणी, वीज वगैरेंची सोय) हे विषय बाहेरून येणारे लोक आठवड्यातून एकदा शिकवून जातात, आणि स्टुडिओशी त्यांचा सांधा जुळत नाही. कार्यशाळा मात्र असलीच पाहिजे: लाकूडकाम, थोडं धातुकाम, मॉडेलसाठी लेझर कटर, आणि तिथे मदत करणारा जाणकार माणूस. माझा अनुभव असा की कल्पनेवर भर देणाऱ्या कॉलेजातून आलेल्या मुलांना सुरुवातीला वर्किंग ड्रॉइंग जमत नाहीत. खिडकीची चौकट भिंतीत बसते कशी, पाणी अडवायला काय करतात, हे त्यांनी कधी काढलेलं नसतं. पण ते दीड-दोन वर्षांत ऑफिसात शिकता येतं, आम्ही शिकवतो. विचार करायची सवय मात्र ऑफिसात लावता येत नाही. तिथे तेवढा वेळच नसतो, सबमिशनच्या तारखा असतात. त्यामुळे दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी विचाराची बाजू घेईन. माझ्या व्यवसायातले पुष्कळ लोक याच्या उलट सांगतील, आणि मोठ्या बांधकामांच्या ऑफिसात काम करणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरही असेल.

मान्यतेचा मुद्दा थोडक्यात, पण तो चुकला तर बाकी सगळं वाया जातं. ‘आर्किटेक्ट’ म्हणून काम करायला बहुतेक देशांत कायद्याने नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी. युनेस्को आणि आर्किटेक्टांची आंतरराष्ट्रीय संघटना यूआयए यांनी १९९६ मध्ये केलेल्या सनदेत किमान पाच वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण अपेक्षित आहे, प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्याशिवाय. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार हे काम कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर बघते. अमेरिकेत नॅब ही संस्था बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. या व्यावसायिक पदव्यांनाच मान्यता देते. तिथली काही छोटी खासगी कॉलेजं ‘आर्किटेक्चर’ या नावाने चार वर्षांची बी.ए. किंवा बी.एस. देतात. ते शिक्षण वाईट नसतं, पण नोंदणीचा नेहमीचा मार्ग धरायचा तर पुढे एम.आर्क. करावं लागतं, म्हणजे आणखी वर्षं आणि आणखी पैसे. कॉलेज नवं असेल तर मान्यता पक्की आहे की अजून मिळायची आहे, हे कॉलेजला न विचारता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः बघा.

पैशांबद्दल दोन भाग. एक कॉलेजचे पैसे, एक तुमचे.

कॉलेजचे पैसे हा विषय मुलं विचारात घेत नाहीत, पण छोट्या खासगी संस्थेत घ्यायलाच हवा. कूपर युनियनमध्ये अनेक पिढ्यांनी शिकवणीची फी न भरता शिक्षण घेतलं. मग संस्थेने नव्या इमारतीसाठी मोठं कर्ज काढलं, इमारत २००९ मध्ये उभी राहिली, आर्थिक ताण वाढत गेला, आणि २०१४ च्या प्रवेशापासून फी सुरू झाली. विद्यार्थ्यांनी त्याआधी अध्यक्षांचं कार्यालय काबीज करून आंदोलन केलं होतं. प्रसिद्ध अमेरिकी आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनी १९३२ मध्ये टॅलिसिन या आपल्या घरी सुरू केलेल्या शाळेची वारस संस्था २०२० च्या सुरुवातीला बंद करायचं ठरलं. काही आठवड्यांत तो निर्णय फिरला, पण शाळेला आपल्या जुन्या जागा सोडून दुसरीकडे जावं लागलं. या एवढ्या नावाजलेल्या संस्था, तरी त्यांच्यावर अशी वेळ आली. तीस मुलांच्या कॉलेजात एका वर्षी प्रवेश कमी झाले तरी अंदाजपत्रक हलतं. म्हणून विचारा: गेल्या पाच वर्षांत फी किती वाढली? पूर्णवेळ शिक्षक किती, आणि त्यातले किती जण पाच वर्षांपूर्वीही होते? शिक्षक झपाट्याने सोडून जात असतील, तर आत काहीतरी बिनसलेलं आहे.

तुमच्या पैशांचं बघताना फीसोबत मॉडेलचं सामान, प्रिंट, संगणक आणि अभ्यासदौरे धरा. ही रक्कम शेवटच्या दोन वर्षांत वाढतच जाते. शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती पाचही वर्षांसाठी आहे का, आणि अमुक श्रेणी राखली तरच आहे का, ते लेखी घ्या. स्टुडिओत श्रेणी एका ज्युरीवर वरखाली होते, तिथे अशी अट जाचक ठरते. आणि कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे. आर्किटेक्टचा सुरुवातीचा पगार, तेवढीच वर्षं शिकलेल्या इतर व्यावसायिकांच्या मानाने सहसा कमी असतो. ज्या ऑफिसात खरं शिकायला मिळतं, त्यातली बरीच पगार बेताचाच देतात. कर्जाचा हप्ता असा असू नये की त्यापायी तुम्हाला अशा ऑफिसला नाही म्हणावं लागेल. फी दुपटीहून जास्त असताना तो हप्ता तसा होणार असेल, तर मोठं विद्यापीठ घ्या, आणि कमीपणा वाटून न घेता घ्या.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. ‘अजून पुरती खात्री नाही.’ सतराव्या-अठराव्या वर्षी खात्री नसणं अगदी साहजिक आहे. ज्यांना लहानपणापासून खात्री असते, त्यातल्या काहींना दुसऱ्या वर्षात कळतं की आपल्याला इमारतींची चित्रं आवडत होती, इमारतींचं काम नाही. पण खात्री नसताना फक्त आर्किटेक्चर शिकवणाऱ्या कॉलेजात जाण्याचा अर्थ समजून घ्या. मोठ्या विद्यापीठात एका वर्षाने वाटलं की आपला ओढा इतिहासाकडे आहे, प्रॉडक्ट डिझाइनकडे आहे, शहरनियोजनाकडे आहे, तर विभाग बदलता येण्याची शक्यता असते. छोट्या कॉलेजात बदलायला दुसरा विभागच नसतो. तिथून निघायचं म्हणजे संस्था सोडायची. दुसरीकडे, पहिल्याच वर्षात पूर्णवेळ स्टुडिओत राहिल्याने हे काम आपलं आहे की नाही याचं उत्तर लवकर मिळतं, हेही तितकंच खरं.

म्हणून बाहेर पडायची वाट आहे का, हे आत जायच्या आधी बघा. शिगेरू बान यांना जपानमधून कूपर युनियनला जायचं होतं, पण तेव्हा ते कॉलेज परदेशातून थेट मुलं घेत नव्हतं, अमेरिकेतल्याच दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणाऱ्यांना घेत होतं. मग ते आधी लॉस एंजेलिसच्या भागातल्या सायआर्कमध्ये शिकले, जे १९७२ मध्ये रे कॅपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं तसंच एक छोटं खासगी कॉलेज होतं, आणि तिथून कूपरला गेले. २०१४ मध्ये त्यांना प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळाला. ते कॉलेज बदलू शकले कारण त्यांचा स्टुडिओचा अभ्यास दुसऱ्या ठिकाणी ग्राह्य धरला गेला. तुमच्या कॉलेजातून गेल्या काही वर्षांत कोणी दुसरीकडे गेलंय का, आणि त्यांची किती वर्षं मोजली गेली, हे विचारा. जोडीने हेही विचारा की एका वर्षी प्रवेश घेतलेल्या तीस जणांपैकी वेळेत पदवी किती जणांनी घेतली. हा आकडा सांगायला कॉलेज कां कू करू लागलं, तर ते लक्षात ठेवा.

तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझा सल्ला मागाल तर: कर्जाशिवाय किंवा पेलेल एवढ्या कर्जात जमत असेल, मान्यता पक्की असेल, आणि ज्युरीला बसल्यावर तुम्हाला घरी जाऊन तोच प्रश्न स्वतः सोडवून बघावासा वाटला, तर छोट्या कॉलेजात जा. यातली पहिली दोन उत्तरं कागदावर मिळतील. तिसऱ्यासाठी या आठवड्यातच त्यांना फोन करून पुढची ज्युरी कधी आहे ते विचारा आणि पूर्ण दिवस बसा, दुपारनंतर सगळे थकलेले असतात तेव्हाही. निघायच्या आधी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शिक्षकांपासून बाजूला गाठा आणि विचारा, गेल्या वर्षभरात तू एखाद्या शिक्षकाचं न ऐकता काय केलंस, आणि त्याचं पुढे काय झालं? मोठ्या विद्यापीठातही जाऊन हाच प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरं घेऊन पुन्हा इथे लिहा, फीचे आणि कर्जाचे आकडेही लिहा, म्हणजे मला आणखी नेमकं सांगता येईल.